आपोआप भरून येणारा रंग टाकीला मारावा का?

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असलेल्या एका मालकांनी विचारलंय. अक्कलकोट रोडच्या एका डाइंगवाल्यासाठी ते ४० हजार लिटरची एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची टाकी बनवतायत, रंगाईचं सांडपाणी साठवायला. एका विक्रेत्याने त्यांना ‘सेल्फ-हीलिंग’ इपॉक्सी दाखवलाय. इपॉक्सी म्हणजे दोन डबे कालवून मारायचा चिवट रंग. ओरखडा पडला की रंग स्वतःच तो भरतो, दहा वर्षं टाकीकडे बघायला नको, असं त्याचं म्हणणं. भाव नेहमीच्या इपॉक्सीच्या साडेतीनपट. गिऱ्हाईक मोबाइलवर व्हिडिओ बघून खूश आहे. तर हे खरं आहे का, आणि असेल तर मारावं का?

मालक, खरं आहे. आणि टाकीला आतून मारू नका.

आता हे नीट सांगायचं तर जरा लांबण लागेल. मी २८ वर्षं ब्लास्टिंग-पेंटिंगची कामं घेतोय, म्हणजे हवेच्या दाबाने खर मारून पत्रा साफ करायचा आणि रंगवायचा. साखर कारखाने, डिस्टिलरी, सूतगिरण्या, टॉवेलवाल्यांची डाइंग. रसायनशास्त्राची पदवी घेतली ती वाया जाऊ नये म्हणून नवीन काही आलं की वाचतो, आणि जमलं तर गच्चीवर दोन प्लेटा करून बघतो. या रंगाच्याही केल्या होत्या. ते पुढे सांगतो.

आधी आत काय असतं ते बघा. द्राक्षाचा मणी डोळ्यांपुढे आणा: पातळ साल, आत रस. असे लाखो मणी रंगात मिसळलेले, फक्त एकेक मणी ५० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. साल बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडची, प्लायवूड चिकटवायच्या डिंकाच्याच घराण्यातली. करायची रीत ताक घुसळण्यासारखी आहे. तेल पाण्यात घुसळायचं, रवी जितकी जोरात फिरेल तितके थेंब बारीक. मग थोडं आम्ल आणि थोडी ऊब दिली की प्रत्येक थेंबाभोवती साल धरते. चाळून, वाळवून ती पूड रंगात घालायची. रंग वाळला, त्यावर ओरखडा पडला, वाटेतले मणी फुटले, रस जखमेत उतरला आणि घट्ट झाला. एवढंच तंत्र.

ही कल्पना जगापुढे नीट आली ती २००१ साली. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट, नॅन्सी सॉटोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इपॉक्सीत असे मणी घालून तो तडकवला आणि तडा सांधल्यावर ७५ टक्क्यांपर्यंत चिवटपणा परत आल्याचं दाखवलं. त्यांचा रस वेगळा होता आणि तो घट्ट करायला रुथेनियमचा उत्प्रेरक लागायचा, म्हणजे सोन्याच्या पेढीतला मामला. शिवाय ते काम रंगाचं नव्हतंच, इपॉक्सीच्या ठोकळ्यांचं होतं. पुढे त्याच विद्यापीठात सिलिकॉनच्या जातीचा रस वापरून लेपावरचं काम झालं. आपल्याकडेही यावर काम आहे. जळगावच्या विद्यापीठात अशा मण्यांत गंजरोधक भरून पॉलियुरेथेन लेपात वापरलं गेलंय.

बाजारात स्वस्तात जे येतं त्यात मात्र बहुतेक वेळा जवसाचं तेल असतं. हो, आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. सुतारांना विचारा, चौकटीला बेलतेल मारतात ते हेच, उकळलेलं. डबा उघडा राहिला तर दोन दिवसांत वर साय धरते. बोटाने दाबली की सुरकुतते आणि खाली तेल ओलंच. ही साय म्हणजे वाळणं नव्हे. पाणी वाळतं ते उडून जातं; जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःच घट्ट होतं. ही साय लक्षात ठेवा, तुमच्या टाकीचा निकाल तिच्यावरच लागणार आहे.

माझ्या प्लेटा. एका कंपनीच्या माणसाने अर्धा लिटर नमुना दिला होता. तीन प्लेटा घेतल्या, तिन्ही एकाच पत्र्याच्या, तिन्ही सारख्या ब्लास्ट केलेल्या. पहिलीवर साधा इपॉक्सी, दुसरीवर हा मण्यांचा, तिसरीवर खाली झिंक-रिच, म्हणजे जस्ताची पूड ठासून भरलेला प्रायमर आणि वर साधा इपॉक्सी. तिन्हीवर दोन-दोन रेघा मारल्या, पत्र्यापर्यंत. एक कटरच्या ब्लेडने, एक हॅक्सॉने. चार दिवस तशाच सावलीत ठेवल्या, कारण रस घट्ट व्हायला वेळ द्या असं त्या माणसाने बजावलं होतं. मग गच्चीवर लाकडी घोडीला टेकवून रोज सकाळ-संध्याकाळ मिठाचं पाणी, लिटरला ३० ग्रॅम. आमच्या हिने दोनदा विचारलं, वाळवण घातलंय का म्हणून.

पहिल्या प्लेटच्या दोन्ही रेघा तिसऱ्या दिवशी तांबड्या. अपेक्षितच होतं. दुसरीवर, मण्यांच्या, कटरची रेघ बघून मी खरंच थांबलो. भिंगाखाली त्या रेघेत मधासारखा पिवळसर पदर दिसत होता, नखाने खरवडला तर किंचित चिवट. तीन आठवडे तिथे गंज नाही. मग दोन-तीन टिंबं आली. पण त्याच प्लेटवरची हॅक्सॉची रेघ पहिल्या प्लेटसारखीच तिसऱ्या दिवशी तांबडी. तिसऱ्या प्लेटवर दोन्ही रेघांत पांढरी पावडर, झिंकची. दीड महिन्यानंतर हॅक्सॉच्या रेघेत मधोमध एक पुसट तांबूस छटा, कटरच्या रेघेत काहीच नाही.

मग दुसऱ्या प्लेटची भरलेली रेघ मी त्याच ब्लेडने पुन्हा उघडली आणि लगेच मीठपाणी मारलं. दुसऱ्याच दिवशी गंज. मणी एकदाच फुटतो. ते साहजिक आहे, पण व्हिडिओत ते कुणी दाखवत नाही. आणि चार दिवसांची सावली तरी प्रत्यक्षात कोण देतो? ओरखडा जूनमध्ये पडला तर पाऊस त्याच रात्री येतो.

कटर पास आणि हॅक्सॉ नापास, याचा हिशेब कागदावरही मांडता येतो. समजा रंगाची जाडी १५० मायक्रॉन, त्यात आकारमानाने १० टक्के मणी, मणी १०० मायक्रॉनचे. रेघ जाते तेव्हा तिच्या वाटेला टेकलेलेच मणी फुटतात, आजूबाजूचे नाही. चिरेच्या वाट्याला येणारा रस म्हणजे मण्याची जाडी गुणिले त्यांचं प्रमाण, १० मायक्रॉनचा पदर. तो १५० मायक्रॉन खोलीतून खाली उतरून तळाशी पसरला, तर कटरच्या १०० मायक्रॉन रुंद रेघेत तळाला १५ मायक्रॉनचा थर बसतो. चांगला आहे. हॅक्सॉची रेघ जवळपास मिलिमीटरभर रुंद, म्हणजे दहापट. तिथे तोच रस दीड मायक्रॉनचा होतो. दीड मायक्रॉनने काय झाकणार? ब्लास्ट केलेल्या पत्र्याची खरबरच ५० मायक्रॉनच्या वर असते. आणि हे सगळा रस बाहेर आला असं धरून. काही सालीलाच चिकटून राहतो, काही भुश्याबरोबर जातो.

मग मोठे मणी का नाही घालत, असं कुणीही विचारेल. रस वाढतो खरा, पण मणी रंगाच्या जाडीपेक्षा लहानच हवा, नाहीतर पृष्ठभाग रव्याच्या लाडवासारखा होतो. प्रमाण वाढवलं तर रंग ठिसूळ होतो आणि पाणी आत घेतो. ६० मायक्रॉनच्या पावडर कोटिंगमध्ये १०० मायक्रॉनचा मणी बसतच नाही. अजून एक गोष्ट, ही तुमच्या-माझ्या कामाची. आपण एअरलेसने मारतो, म्हणजे हवा न मिसळता नुसत्या पंपाने, दीडशे-दोनशे बारच्या दाबाने. नोझलच्या बारीक भोकातून जाताना काही मणी तिथेच फुटतात. ६० मेशची जाळी असेल तर अडीचशे मायक्रॉनची वाट आहे, मणी जातात. पेंटर नेहमीच्या सवयीने १०० मेशची, त्याहून बारीक जाळी टाकतो आणि तासाभरात गन तुंबली म्हणून बोंब मारतो. आमचा एक जुना पेंटर आहे, मराठी-तेलुगू-कन्नड तिन्ही एका वाक्यात बोलणारा. त्याने सरळ जाळी काढून फेकली आणि सगळ्या भिंतीवर गाठी आल्या.

हे झालं ओरखड्याचं. पण आपल्या कामात रंग मरतो तो ओरखड्याने फार कमी. मी एक प्रसंग सांगतो, कारखान्याचं नाव सांगत नाही. मळीची टाकी होती, सप्टेंबरचे दिवस. गाळप सुरू व्हायच्या आत उरकायची म्हणून घाई. आम्ही संध्याकाळी ब्लास्टिंग संपवलं, माणसं थकली होती, म्हटलं सकाळी प्रायमर मारू. रात्री सर आली, सकाळी पत्रा हाताला गार लागत होता. दिसायला कोरडा. दवबिंदू मोजायचा मीटर गाडीतच होता, काढला नाही. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान तीन अंश वर हवं, हा नियम मी दुसऱ्यांना शिकवतो. मारला प्रायमर. पुढच्या वर्षी टाकी रिकामी झाली तेव्हा मॅनहोलमधून आत उतरलो. भिंतीवर फुगा दिसला, चाकूचं टोक लावलं आणि ओढलं तर हातभर लांब पापुद्रा निघाला, पुरणपोळीचा पदर सुटावा तसा. वरून रंग अखंड, चकचकीत, एक चीर नाही. पाठीमागे सगळा गंज. स्वतःच्या खर्चाने पुन्हा केलं ते काम.

त्या टाकीला साडेतीनपट भावाचा रंग मारला असता तर? काहीही फरक पडला नसता. मणी फुटायला चीर रंगाच्या पोटातून जावी लागते. पापुद्रा सुटतो तेव्हा रंग आणि पत्रा यांच्या मधून सुटतो. मणी पोटात सुखरूप आणि खाली लोखंड खाल्लं जातंय. वेल्डच्या कडेला रंग पातळ बसलाय, वेल्डिंगचे शिंतोडे ग्राइंड केले नाहीत, अँगलच्या धारेवर ओला रंग मागे सरून ३० मायक्रॉनच उरलाय, यातलं काहीच तो भरून काढत नाही. त्याला जखम लागते. अंगभूत रोग त्याला कळत नाही.

आता तुमच्या टाकीचं आतलं अंग. डाइंगचं कच्चं सांडपाणी म्हणजे मीठ, सोडा आणि ऊब. रिअॅक्टिव्ह रंग सुताला चढायला मीठ लागतं, पकडायला सोडा लागतो, ते सगळं उरलेलं तुमच्या टाकीत येतं. पाणी अल्कधर्मी. आणि तेल अधिक अल्कली म्हणजे काय, हे सांगायला रसायनशास्त्र नको: साबण. मणी फुटून आलेलं जवसाचं तेल घट्ट व्हायच्या आधीच फेसून जाईल. दुसरं, मघाची साय आठवा. तिला ऑक्सिजन लागतो. एक लिटर हवेत तो साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम असतो, एक लिटर पाण्यात सहा-आठ, आणि घाण पाण्यात त्याहून कमी. भरलेल्या टाकीच्या आत तेल वाळत बसणार नाही. विक्रेता म्हणेल आमच्यात जवस नाही, दोन घटकांचं आहे. असेल. मग त्याला अल्कधर्मी खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या, रेघ मारलेल्या प्लेटचा रिपोर्ट मागा. मिठाच्या फवाऱ्याचा रिपोर्ट सगळे देतात. ती चाचणी ३५ अंशांच्या पेटीत ५ टक्के मीठपाण्याची असते. तिचा तुमच्या टाकीशी संबंध नाही.

सेल्फ-हीलिंग रंगांचं दुसरं एक घराणं आहे, ते मला जास्त पटतं. तिथे चीर भरायचा आग्रहच नाही. चिरेत उघड्या पडलेल्या लोखंडाला औषध पोचवायचं. हे समजायला एक जुना प्रयोग करून बघा, बारावीच्या प्रयोगशाळेत सामान मिळेल. मीठपाण्यात थोडं फिनॉल्फ्थॅलिन आणि थोडं पोटॅशियम फेरीसायनाइड घालून त्याचा एक मोठा थेंब घासलेल्या पत्र्यावर ठेवा. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी होते, मध्यभाग निळा. निळा म्हणजे तिथे लोखंड विरघळतंय. गुलाबी म्हणजे कडेला, जिथे हवा भरपूर, तिथे अल्कली तयार होतेय. एवढ्याशा थेंबात लोखंडाने स्वतःची बॅटरी करून घेतली. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांच्या नावाने हा प्रयोग ओळखतात.

म्हणजे गंज सुरू झाला की जागेचा आम्ल-अल्क स्वभाव बदलतो, एका बाजूला एक, दुसरीकडे दुसरा. जर्मनीत पॉट्सडॅमच्या माक्स प्लांक संस्थेत हेच पकडलं. गंजरोधक भरलेल्या अतिसूक्ष्म डब्या करायच्या आणि त्यांना असं झाकण बसवायचं की अवतीभवतीचा हा स्वभाव बदलल्यावरच ते उघडेल. म्हणजे गंज स्वतःच दार ठोठावतो. डबी म्हणून हॅलोसाइट नावाची माती वापरतात. तिचे कण मुळातच नळीसारखे पोकळ, बाहेरून ५० नॅनोमीटर, आतून १५. दुसऱ्या प्रकारात थरांची माती असते, ती खाऱ्या पाण्यातला क्लोराइड आत घेते आणि बदल्यात औषध सोडते. वस्तुविनिमय. हे कण मण्यांपेक्षा इतके लहान की गनमध्ये फुटायचा, जाळी तुंबायचा प्रश्न नाही. चीर मात्र तशीच दिसत राहते. गिऱ्हाईकाला व्हिडिओ दाखवण्यासारखं काही नसतं, म्हणून विकायला अवघड.

‘स्मार्ट’ म्हणून आणखी एक प्रकार खपवतात, गाड्यांच्या क्लिअर कोटचा. निसानने २००५ मध्ये असा आणला. तो लवचिक असतो, बारीक चरे उन्हाच्या उबेने मिटतात. मे महिन्यात सोलापुरात गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून बघा, ऊब कमी पडणार नाही. पण ते दिसण्यासाठी आहे. पत्र्यापर्यंत गेलेल्या चिरेला त्याचा उपयोग नाही.

खरं सांगू का, आपोआप बरं होणं हे रंगाच्या धंद्यात नवं नाहीच. जुने लोक पुलांना, टाक्यांना शेंदूर मारायचे, जवसाच्या तेलात कालवून. मारुतीला लावतात तोच शेंदूर, शिशाचा ऑक्साइड. तेल आणि शिसं मिळून शिशाचे साबण तयार होतात आणि ते चिरेत उतरून लोखंडाला झोपवतात. उत्तम काम करायचा, पण शिसं विषारी. घरगुती रंगात तर २०१७ पासून ते ९० पीपीएमच्या वर चालत नाही. विमानांच्या अॅल्युमिनियमवर क्रोमेट मारत आलेत. ते ओरखड्यात विरघळून येतं आणि तिथेच ऑक्साइड होऊन बसतं, आजवरचं सगळ्यात हुशार औषध म्हणा. तेही आता निघत चाललंय, कारण षट्संयुजी क्रोमियमने कर्करोग होतो. आज जगभर जे मणी-डब्यांचं संशोधन चाललंय त्याचं अर्धं कारण हे आहे, की क्रोमेटची जागा रिकामी होत चालली आणि ती भरणारा सापडेना.

आणि झिंक. जीआय, म्हणजे झिंक चढवलेला पत्रा कात्रीने कापला तरी कापलेली कड लगेच का गंजत नाही? झिंक आपण खर्च होतं आणि लोखंडाला वाचवतं, काही मिलिमीटरपर्यंत. माझ्या तिसऱ्या प्लेटवर हॅक्सॉच्या रेघेला वाचवलं ते त्यानेच. मात्र झिंक-रिच म्हणजे वाळलेल्या थरात वजनाने निदान ८० टक्के झिंक हवं. करड्या रंगाचा कुठलाही डबा झिंक-रिच नसतो, तुम्हाला हे सांगायला नको. झिंकलाही मर्यादा आहेत: डिस्टिलरीच्या आंबट स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे तिथल्या सांडपाण्यात, ते पटकन खाल्लं जातं, कडक कॉस्टिकमध्येही, आणि ६० अंशांच्या वरच्या पाण्यात कधी कधी डाव उलटतो, झिंकऐवजी लोखंडच खर्च व्हायला लागतं. तुमच्या टाकीच्या आत म्हणूनच झिंक नको.

पाणीयोजनांच्या मोठ्या पोलादी पाइपांना आतून सिमेंटचा गिलावा असतो, तोही याच जातीतला. सिमेंटची अल्कली लोखंडावर संरक्षक पापुद्रा धरते, आणि केसासारख्या चिरा चुन्याने स्वतःच बुजतात. त्याचे व्हिडिओ कुणी काढत नाही.

हवेचं एक राहिलं. सोलापूरची कोरडी हवा लोखंडाला मानवते. आर्द्रता ६० टक्क्यांखाली असेल आणि पत्रा स्वच्छ असेल तर गंज रेंगाळतो, आणि आपल्याकडे वर्षातला बराच काळ तसाच जातो. आयएसओ १२९४४, म्हणजे गंजरोधक रंगांचं आंतरराष्ट्रीय मानक, त्याच्या भाषेत उघड्यावरचं फाटक आपल्याकडे ढोबळमानाने सी-२ म्हणा, पहिल्या वर्षी उघड्या पोलादाची झीज २५ मायक्रॉनपर्यंत. समुद्रकाठच्या सी-५ मध्ये हाच आकडा ८० ते २०० वर जातो. त्यामुळे समुद्रातल्या पवनचक्कीसाठी जो खर्च परवडतो तो अक्कलकोट रोडच्या शेडला परवडायचं कारण नाही. आपला गंज कारखान्याच्या कुंपणाच्या आत असतो: डाइंगची वाफ, बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, ओल धरून बसलेली धूळ, स्पेंटवॉशचे शिंतोडे. शिवाय ऊन. उन्हात तापणाऱ्या पत्र्यावर मण्यातला रस सालीतून हळूहळू झिरपतो, आतल्या आत घट्टही होतो. पाच-सहा उन्हाळ्यांनी द्राक्षाचा बेदाणा झालेला असेल आणि ओरखडा नेमका तेव्हा पडेल. म्हणून विक्रेत्याला विचाराच, की रंग मारून तीन वर्षं उन्हात ठेवलेल्या प्लेटवर रेघ मारून बघितलीय का. किती रुंद रेघ भरते, किती तासांत, कितव्यांदा, आणि भरली नाही तर रेघेपासून गंज किती मिलिमीटर आत सरकला, हे लेखी घ्या. ‘दहा वर्षं’ हा शब्द कोटेशनमध्ये आहे की फक्त तोंडात, तेही बघा.

तुमच्या टाकीचं मी असं करीन. आतून सगळे वेल्ड ग्राइंड करून गुळगुळीत, धारा दोन मिलिमीटर गोल, एसए अडीचपर्यंत, म्हणजे जवळपास पांढरा पत्रा दिसेपर्यंत ब्लास्टिंग, वेल्ड आणि कोपऱ्यांना ब्रशने एक आगाऊ हात, मग सॉल्व्हंट नसलेला टाकीच्या अस्तराचा इपॉक्सी, दोन हातांत मिळून ३०० ते ४०० मायक्रॉन. सांडपाण्याचं तापमान डाइंगवाल्याकडून लिहून घ्या आणि रंगाच्या डेटाशीटशी ताडून बघा. शेवटी ओल्या स्पंजच्या मीटरने सगळी भिंत फिरवा, सुईएवढं भोक असलं तरी शिट्टी वाजते. साडेतीनपट पैशातला थोडासा भाग या तपासणीवर गेला तरी टाकी जास्त जगेल. बाहेरून झिंक-रिच ६० मायक्रॉन, वर एमआयओ (अभ्रकासारख्या पापुद्र्यांचा लोह ऑक्साइड घातलेला) इपॉक्सी १००, वर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, ५०. बाहेर ओरखडा पडला तर दिसतो, आणि वॉचमनकडे ब्रश देता येतो.

एक जागा मात्र आहे जिथे मी तो महागडा रंग लावून बघीन: बुडाची खालची बाजू. टाकी वर्कशॉपमध्ये पूर्ण वेल्ड करून, रंगवून तुम्ही ट्रेलरवर नेणार, क्रेनने चौथऱ्यावर ठेवणार, आणि त्यानंतर त्या बुडाखाली कुणी कधी बघणार नाही. ओरखडे पडणार ते ठेवताना, आणि त्या वेळी खाली पाणी नसतं, हवा असते. ऊनही लागत नाही. ३.६ मीटर व्यासाची टाकी धरली तर बूड दहा चौरस मीटरचं, त्यामुळे साडेतीनपट भावही सोसण्यासारखा. खाली झिंक-रिच, वर हा मण्यांचा, आणि चौथऱ्यावर डांबर-वाळूचा मऊ थर. खडीवर आपटून पडलेला खड्डा तो भरणार नाही, चरे भरेल. टाकी ठेवल्यावर लगेच पाण्याची चाचणी लावू नका, तीन-चार दिवस जाऊ द्या.

विक्रेत्याला आधी चार प्लेटा मारून मागा, तुमच्याच पत्र्यावर, तुमच्याच गनने. दोन उघड्यावर, दोन डाइंगवाल्याच्या खऱ्या सांडपाण्यात बादलीत बुडवून, महिनाभर. तो रेघ मारायला कटर घेऊन येईल. हॅक्सॉ तुम्ही काढून ठेवा.